भट्टीतली अर्धी ओवी

माझी बायको भाकरी थापताना गुणगुणते. गुणगुणणं मधेच थांबलं की मी हातातलं वर्तमानपत्र ठेवतो, उठतो आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहतो. ती विचारते, "काय हवंय?" मी म्हणतो, "काही नाही." लग्न झालं तेव्हा तिला हे प्रेम वाटलं. पुढं काही वर्षं संशय वाटला. आता ती मान न वळवताच सांगते, "आहे, जिवंत आहे मी." ती थट्टेनं म्हणते. मला ती थट्टा कधी जमली नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. माझ्या वडलांना अंगठा उठवण्यापलीकडं अक्षर माहीत नव्हतं आणि मी उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्हींत अर्ज लिहू शकतो. याचा मला अभिमान आहे. तो मी झाकत नाही. झाकलेली गोष्ट दुसरी आहे. ती लिहायला मला सगळा जन्म लागला.

त्या साली मी वीस वर्षांचा होतो. निजामाचं राज्य संपत आलं होतं, पण ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला फक्त रजाकार, सक्तीची धान्यवसुली म्हणजे लेव्ही, आणि अफवा ठाऊक होत्या. धाराशिवला उर्दूतून मॅट्रिक होऊन मी कळंबात परतलो होतो. पुढं शिकायचं तर हैदराबाद, आणि त्या धामधुमीत आई मला तालुक्याबाहेर जाऊ द्यायला तयार नव्हती. मग शेजारच्या अक्कानं ती कामाला जायची त्या दुकानाच्या मालकाकडं शब्द टाकला. "शिकलेलं पोरगं हाय, उर्दू येतंय. गल्ल्यावर बसवा. तहसिलीचे कागद तरी वाचून दावील." म्हणून मी फुटाण्याच्या दुकानात लागलो.

दुकान पेठेत होतं. पुढं फळीवर फुटाणे, डाळं, ज्वारीच्या लाह्या, चुरमुरे, शेव. मागं भट्टीची खोली. तिथं दोनच माणसं काम करायची. एक चाचा, भट्टीवाले, पन्नाशी उलटलेले. त्यांच्या हाताला वाळूचा ताव असा कळायचा की हरभरा जळायचा नाही आणि कच्चाही राहायचा नाही. दुसरी आमची शेजारीण अक्का. नवरा मेलेला, एकच लेक, ती माकणीला दिलेली. अक्का वाळू चाळायची, डाळं पाखडायची आणि उरलेला सगळा दिवस जात्यावर शेवेसाठी डाळ दळायची.

मालकाचा एक नियम होता. भट्टीच्या खोलीत तोंड रिकामं ठेवायचं नाही. गरम फुटाणा हाताशी असला की माणूस तो तोंडात टाकणारच, असं त्यांचं पक्कं मत. म्हणून आत जे कोणी असेल त्यानं सतत मोठ्यानं काहीतरी म्हणत राहायचं. अक्का ओव्या म्हणायची. चाचा आधी झारे मोजायचे, मग कंटाळून लहानपणी पाठ केलेल्या कहाण्या सांगायचे. आवाज थांबला की गल्ल्यावरून हाक जायची, "तोंड!" आणि आतून लगेच आवाज आला पाहिजे. नाही आला तर त्या दिवसाची अर्धी मजुरी बुडाली.

सुरुवातीला मला याची गंमत वाटली, हे कबूल करतो.

"मियाँ, तोंड!" मालक ओरडायचे.

आतून खोकला.

"खोकला धरायचा न्हाय!"

"का वो मालक?" चाचा आतून विचारायचे. "खोकताना फुटाणा चावून दावा तुम्ही. उद्यापासनं फुकट राबतो."

गिऱ्हाइकं हसायची. मालकही हसायचे. अक्का हसत हसतच पुढची ओवी उचलायची. बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या बाया फुटाणे घ्यायच्या निमित्तानं ओव्या ऐकत फळीशी रेंगाळायच्या आणि मालक म्हणायचे, "बघ, गाण्यानं धंदा वाढतोय." गाणाऱ्या बाईचा घसा दिवसभर पिठानं भरलेला असायचा, ते फळीच्या अलीकडून दिसत नव्हतं.

त्या खोलीला दोन दारं होती. एक दुकानात उघडणारं, दुसरं मागच्या बोळात. त्या वर्षी मालकानं मागच्या दाराला आतून ज्वारीची पोती लावली, थेट तुळईपर्यंत. ती लेव्हीतून चुकवलेली ज्वारी होती. आणि ती कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून पुढच्या दारालाही दिवसभर बाहेरून कडी घालून कुलूप. घाणा निघाला की उघडायचं, माल बाहेर घ्यायचा, परत लावायचं. किल्ली गल्ल्यात, माझ्या मांडीशी. धूर जायला माळवदाच्या छताला एक भोक होतं, तेवढंच.

एकदा माल बाहेर देताना अक्का माझ्याशी हळूच बोलली. तिचे डोळे लालभडक झाले होते.

"लेकरा, मालकाला सांग की रं. मागची चार पोती तरी काढा म्हनावं. जीव घुसमटतोय. एखाद्या दिशी आत ऱ्हाऊन आमी कवाच्या कवा जायचो."

"तू का सांगत नाहीस?"

"मी सांगितलं तर बाई कुरकुरती म्हनत्याल. तू मॅट्रिक हायस."

मी सांगितलं. मालक पान लावत होते. त्यांनी चुना नीट पसरला, मग माझ्याकडं पाहिलं.

"मॅट्रिक झालास म्हणून भट्टीला खिडक्या पाडायला निघालास? पोती बोळात ठेवू? तहसिलीला आवतन देऊ?"

"निदान पुढचं कुलूप तरी..."

"तुला गल्ल्यावर बसवलंय. तिथंच बस. न्हायतर तू बी आत जा, ओव्या म्हण."

मी तिथंच बसलो. पण एक केलं. मालक बाहेर गेले की मी आवाजाचा नियम पाळायचा नाही, असं ठरवलं. अक्काला तसं सांगून ठेवलं. "मालक गावात नसले की मी फळीवर दोनदा टिचकी मारीन. मग गप बस, खा, काय करायचं ते कर. मी हाक देणार नाही." ती पदराआड हसली. तेव्हापासून टिचकी वाजली की आतलं गाणं थांबायचं, आणि मला वाटायचं, मी माणसासारखं काहीतरी करतोय. कुलूप मात्र मी कधी काढून ठेवलं नाही. कुलूप पेठेतून सगळ्यांना दिसत होतं. न आलेली हाक कोणाला ऐकू येत नव्हती. माझं धाडस एवढ्याच मापाचं होतं.

रमजान त्या साली पावसाळ्यात आला होता. चाचा रोजे धरायचे. भट्टीपुढं बसून थुंकीसुद्धा न गिळता दिवस काढायचे, आणि तरी मालकाची हाक यायचीच.

"माझा रोजा हाय, मालक. मी कशाला खातोय?"

"नियम म्हंजे नियम. मला आतलं दिसतंय व्हय?"

तेव्हा अक्का म्हणाली, "चाचाचं बी मीच गाते. दोघांचं मिळून एक तोंड समजा." मालकाला ते पटलं. त्या महिन्यात ती सकाळपासून सांजेपर्यंत एकटी गात होती.

चार दिवस झड लागून राहिली. जळणाच्या तुऱ्हाट्या भिजल्या, पेटेनात, धूर दुकानात येऊन गिऱ्हाइकं डोळे पुसायला लागली. तेव्हा मालकानं बाभळीचा कोळसा आणवला. कोळशाला धूर नाही. आम्ही सगळे खूश. छताच्या भोकातून पाणी गळून तापलेल्या वाळूत पडत होतं आणि वाळू तडतडत होती. आता धूर नाही तर भोक कशाला, म्हणून चाचांनी माळवदावर चढून त्यावर पत्रा टाकला आणि वर दगड ठेवला. मी खालून शिडी धरली होती.

त्याच दिवशी मालक धाराशिवला कोर्टाच्या कामाला गेले. बाजाराचा दिवस. दुपारी माल बाहेर घेताना अक्का म्हणाली, "आज बघ कसं, डोळं अजाबात चुरचुरत न्हाईत." तिचं डोकं जरा जड आहे असंही म्हणाली. चाचा म्हणाले, उपासाचं डोकं माझं आणि दुखतंय हिचं. तिघंही हसलो. मी कुलूप लावलं आणि फळीवर दोनदा टिचकी मारली.

पण ती लगेच थांबली नाही. गातच राहिली. माकणीच्या वाटेवरची ओवी होती, मी आधी ऐकलेली नव्हती. पहिली ओळ आली,

माकणीच्या ग वाटेला बाभुळबनाची सावली...

आणि मग जात्याची घरघर मंदावली. दुसरी ओळ आली नाही.

मला बरं वाटलं. खरं तेच आहे. मला वाटलं, घेतली एकदाची बाईनं उसंत. खात असेल, खाऊ दे. चाचांच्या झाऱ्याचा आवाजही थोड्या वेळानं थांबला. म्हातारा रोज्यानं थकलाय, पडू दे घटकाभर. मी गिऱ्हाइकाला लाह्या मापून देत होतो. फळीशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते.

"आज भट्टी गप कशी रं?"

"गप राहू द्या की काका," मी म्हणालो. "आज भट्टीला सुट्टी दिलीय."

ते हसले. मीही हसलो.

दिवस मावळायच्या सुमारास मी चाचांसाठी तांब्याभर पाणी आणि चार खजूर घेऊन कुलूप काढलं. दार ढकललं तर ढकलेना. आत काहीतरी आडवं होतं. खांदा लावून ढकललं. चाचा दाराला लागून पालथे पडले होते, तोंड उंबऱ्याच्या फटीशी. मी त्यांना ओढून बाहेर आणलं. त्यांनी श्वास घेतला तो भाता फाटावा तसा.

अक्का जात्याशी होती. बसल्या जागी पुढं झुकलेली, एक हात खुंट्यावर, गाल पिठात. चेहरा तांबूस, जिवंत माणसापेक्षा जिवंत. म्हणून मला खरं वाटेना. मी हाक मारली. अक्का म्हणून मारायला हवी होती. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "तोंड!"

दोनदा ओरडलो मी. पेठेतली माणसं त्या आवाजानं आत आली.

मालक दुसऱ्या दिवशी सकाळी परतले. मी सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "खात होती का?"

पोलीस अमीन तपासाला यायच्या आत पोती हलली, मागचं दार सताड उघडलं, छतावरचा पत्रा गेला. खोलीत असा वारा खेळत होता की तिथं कोणी गुदमरेल हे सांगूनही पटलं नसतं. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "बयान तू लिही, तुझी उर्दू साफ हाय. दार उघडं होतं, बाईला आधीपासनं ताप होता, एवढंच. तुझ्या हैदराबादच्या शिक्षणाचं मग मी बघतो."

मालकांना मोडी यायची. उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं.

मी लिहिलं: मागचं दार पोत्यांनी बंद होतं. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली माझ्याकडं होती. मालकांनी कागद डोळ्यांपुढं धरला, वाचल्यासारखं केलं आणि खाली दुकानाचे मालक म्हणून मोडीत झोकदार सही ठोकली. अमीनसाहेबांनी कागद वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"कुंडी किसने लगाई?"

"मैंने, साहब."

"होश में लिखा है ना?"

"जी."

त्यांनी कागदाची घडी केली. आणखी काही विचारलं नाही. गाणं कधी थांबलं, आणि थांबल्यावर मी काय केलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. त्या बयानात एकही शब्द खोटा नव्हता. आयुष्यभर मी स्वतःला हेच बजावत आलो.

तेरणा नदीला पूर होता म्हणून अक्काची लेक माकणीहून तिसऱ्या दिवशी पोचली. सगळं उरकलं होतं. ती आमच्या ओट्यावर बसली आणि तिनं विचारलं, "शेवटाला काय म्हनत हुती आई?" मी ती ओळ सांगितली. तिनं ती दोन-तीनदा ओठातल्या ओठात घोळवली.

"ही मला ठावं न्हाय. नवी बांधली असंल. फुडं?"

"पुढं ऐकू आली नाही."

मी आत पाणी आणायला गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

तहसिलीतल्या कोणीतरी बयानाचा मजकूर मालकांना सांगितलाच. त्यांनी मला दुकानाची पायरी चढू दिली नाही. म्हणाले, "सही करवून घेऊन गळा कापलास." मी म्हणालो, "तुम्ही न वाचता केलीत." मग राज्यच गेलं, पोलीस अ‍ॅक्शन झाली, आणि तो कागद कोणत्या बस्त्यात कुजला देव जाणे. माझ्या खरेपणाचा कोणाला काही उपयोग झाला नाही.

जे झालं ते चाचांनी केलं. ते बरे होऊन घरी बसले, कामाला येईनात. दुसरा भट्टीवाला कळंबात नव्हता. फळी रिकामी पडली तेव्हा मालक स्वतः त्यांच्या घरी गेले. चाचांनी सांगितलं, "पुढचं दार काढा."

"उघडं ठेवतो की, मियाँ."

"उघडं ठेवलेलं पुन्हा लागतं. चौकटीतनं काढा. आन् तोंडाचा नियम बी काढा."

मालक दोन दिवस फिरफिरले. तिसऱ्या दिवशी सुतार आला. दाराच्या फळ्या कळंबातल्याच कोणा गोठ्याला गेल्या. पोलीस अ‍ॅक्शननंतर चाचा कुटुंबासह काही महिने कुठं होते, तेव्हा त्यांच्या लोकांवर काय गुदरलं, ते आमच्या गावात कोणी मोठ्यानं बोलत नाही. परतले तेव्हा अर्धे झाले होते. पण भट्टीपुढं पुन्हा बसले, कारण तिला दार नव्हतं.

मी खेड्यात मास्तरकी केली, पैसे साठवले आणि उशिरा का होईना औरंगाबादला कॉलेजात गेलो. मालकाच्या पैशानं शिकलो असं मला कोणी म्हणू शकत नाही. तिथं हॉस्टेलात सायन्सचा एक मित्र अभ्यास मोठ्यानं करायचा. एकदा तो वाचत होता: बंद जागेत कोळसा जळला की एक वायू होतो, त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. मी त्याला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग उठून बाहेर गेलो. डोळं अजाबात चुरचुरत न्हाईत, अक्का म्हणाली होती.

बी.ए. झाल्यावर कळंबला गेलो तेव्हा पहिल्यांदा त्या दुकानात पाय ठेवला. मालक म्हातारे झाले होते, नजर गेली होती. गल्ल्यावर बसून माळ ओढत होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी बिनदाराच्या चौकटीतून आत गेलो. चाचांनी वर पाहिलं, गरम फुटाण्यांची मूठ माझ्या हातावर ठेवली.

"बी.ए. झालास म्हनं."

"झालो."

"अक्का असती तर पेठभर साखर वाटली असती."

मला बोलायचं होतं ते मी घरून पाठ करून आलो होतो. सगळं विसरलो. म्हणालो, "चाचा, त्या दिवशी गाणं थांबलेलं मला कळलं होतं. मुद्दाम हाक दिली नाही मी. वाटलं, अक्का खातेय."

ते झारा हलवत राहिले.

"तिनं ह्या खोलीत एक दाना कधी खाल्ला न्हाय, लेकरा."

"मग मी टिचकी मारायचो तेव्हा?"

"तवा ती जात्यावर डोकं टेकायची आन् गप बसायची. बास. म्हनायची, चाचा, गप बसाया मिळालं की पोट भरल्यावानी वाटतं." त्यांनी वाळू चाळणीवर उपसली. फुटाणे वर राहिले, वाळू खाली गेली. "त्या दिशी बी तसंच डोकं टेकलं तिनं. मी बघितलं. म्हनलं, दमलीया, बसू दे. मी बी उठवली न्हाय."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

मूठ तशीच होती हातात. तळहात भाजत होता. अक्काचं जातं कोपऱ्यात तिथंच होतं, खुंटा उपटलेला. आम्ही दोघं काही न बोलता बसलो. मग पुढून, गल्ल्यावरून, त्या आंधळ्या म्हाताऱ्याचा आवाज आला. नियम जाऊन इतकी वर्षं झाली होती, पण तोंडातली सवय राहिली होती.

"कोण हाय आत? आवाज का न्हाय?"

चाचांनी झारा खाली ठेवला.

"हाय, मालक," ते म्हणाले. "गप बसलोय."